पुसला, पुसली, पुसले

फोटो पुसला, फाईल पुसली, चित्र पुसले. दुसरीतल्या मुलालाही जमणारे हे व्याकरण संगणकाला मात्र कुणीतरी शिकवावे लागते. इंग्रजीत 'डिलीटेड' हा एकच शब्द सगळ्यांना चालतो. म्हणून प्रोग्राम लिहिणारा कधीकधी तो एकदाच लिहून ठेवतो आणि त्याच्या आधी हवे ते नाम चिकटवतो. मराठीत मग पडद्यावर 'फाईल पुसला' उमटते.

इथली आपली मुले मराठी वाचतात ती बरीचशी पडद्यावरच. असे वाक्य दिसले की ती हसतात आणि भाषा परत इंग्रजी करून टाकतात. म्हणून ही चूक मला लहान वाटत नाही.

फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही मुक्त सॉफ्टवेअर मराठीतही आहेत. त्यांचा कोड सर्वांना खुला असल्यामुळे दुरुस्ती कुणालाही सुचवता येते. पद्धत वही तपासण्यासारखीच. कोडची आपली प्रत घ्यायची, तीत बदल करायचा, तो का केला हे दोन ओळींत लिहायचे आणि तपासायला पाठवायचा. गिटहबवर याला 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात. जाणकार मंडळी बदललेली प्रत्येक ओळ वाचतात, शंका विचारतात, प्रसंगी परतही पाठवतात. पटले की बदल मूळ प्रतीत जातो. कोणती ओळ कोणी, कधी बदलली याची नोंद 'गिट' ठेवते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी तयार केले.

आपल्या उदाहरणात 'पुसला'चे 'पुसली' करून भागत नाही, कारण मग फोटो चुकतो. कोडमध्येच प्रत्येक नामासाठी पूर्ण वाक्य वेगळे ठेवावे लागते. त्याने हिंदी, गुजरातीची आणि आपल्या शेजारच्या अरबीचीही सोय होते. लिंगभेद त्यांनाही आहे.

इथे आल्यावर माझ्यासारख्या अनेकींची शाळा सुटली, पण व्याकरणाची नजर काही सुटत नाही. ती इथे कामी येते. कोड न शिकताही मोझिलाच्या 'पॉन्टून'वर फायरफॉक्समधल्या वाक्यांचे मराठी सुचवता येते. चूक कोडमध्येच असेल, तर कुठल्या पडद्यावर काय दिसते आणि काय दिसायला हवे, एवढे नीट लिहून कळवणे हेही योगदानच.

आपल्या मंडळात संगणकवाले आहेत आणि मराठी शिकवलेल्याही आहेत. फराळाचे डबे रिकामे झाले की एखाद्या शुक्रवारी दोघांनी एका लॅपटॉपसमोर बसावे. चूक तिने दाखवावी, कोड त्याने बदलावा; किंवा उलटही चालेल.

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!