कोरी चौकट

गेल्या महिन्यात गुलमंडीवरील एका परिचित कापड व्यापाऱ्याचा मुलगा घरी आला. वडिलांच्या निधनाला वर्ष होत आले होते. कपाट आवरताना सापडलेला टपाल तिकिटांचा अल्बम त्याने माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "काका, याचे किती येतील?" बँकेत असताना त्याच्या वडिलांचे खाते मी वर्षानुवर्षे पाहिले होते, हा छंद मात्र मला ठाऊक नव्हता.

सारी तिकिटे चिनी राशिचक्राची होती. आपल्या टपाल खात्यानेही 2010 मध्ये मेष ते मीन अशा बारा राशींची तिकिटे काढली. परंतु चिनी परंपरेत रास महिन्याची नसून वर्षाची असते. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर हे बारा प्राणी बारा वर्षांचे मानकरी.

चीनने ही मालिका 1980 मध्ये माकडापासून सुरू केली. लाल पार्श्वभूमीवरील ते काळे माकड हुआंग योंगयू या चित्रकाराचे. तिकिटाचे मूल्य अवघे 8 फेन. 80 तिकिटांचा पूर्ण ताव सहा युआन चाळीस फेनला मिळे. पुढे असे ताव लिलावात दहा लाख युआनांहून अधिक किमतीला गेले. मुलाने हेच कुठेतरी वाचले होते. त्याने आशेने एका माकडावर बोट ठेवले.

ते माकड 1992 चे, दुसऱ्या चक्रातले निघाले. पहिल्या पानावरील 1980 ची चौकट कोरी होती.

मी त्याला व्यापाराच्याच भाषेत समजावले. 1980 मध्ये पुढे भाव येईल म्हणून तिकिटे जपणारे थोडेच होते. नंतर सर्वांनीच साठा केला. मग टंचाई कुठली? 1997 मध्ये चीनच्या तिकीट बाजारात सट्टा शिगेला पोहोचला आणि भाव कोसळले. सूचीतील किंमत म्हणजे हाती येणारी रक्कम नव्हे. घेणारा समोर उभा राहील तेव्हाच मालाला मोल.

त्याचा चेहरा उतरला. पान उलटताना मात्र पेन्सिलीची बारीक अक्षरे दिसली. प्रत्येक प्राण्याखाली घरातील कोणाचे तरी नाव. त्याचे स्वतःचे नाव सापाखाली होते. "माझा जन्म जानेवारी 1990 चा. ते तर घोड्याचे वर्ष ना?" मी सांगितले, चिनी वर्ष एक जानेवारीला सुरू होत नाही, त्या साली ते 27 जानेवारीला लागले. त्याचा जन्म त्याआधीचा, म्हणून साप. वडिलांनी खतावणीइतक्याच काटेकोरपणे मुलाची नोंद केली होती.

तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "माझ्या मुलीचे नाव कुठे लिहू?"

मी एवढेच सुचवले: तिकिटांना बोट लावू नये, चिमटा वापरावा, पावसाळ्यात अल्बम दमटपणापासून जपावा, आणि कोणते तिकीट कधी, किती रुपयांना घेतले याची यादी करून घरच्यांना सांगून ठेवावे. आपल्या पश्चात ज्याला हिशेब कळत नाही, त्याच्या हाती ठेवा रद्दीच्या भावाने जातो.

निघताना तो दारात थांबला. "काका, 1980 चे ते माकड घ्यायचे झाले, तर खरे-खोटे कसे ओळखावे?"

"जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नकोस," मी म्हणालो, "आणि घेतलेस, तर विकण्यासाठी घेऊ नकोस."