दोन्ही मोटारी गेल्या म्हणे!

तुम्ही गाडीच्या वायपरकडे शेवटचं नीट कधी बघितलंय? मीही नव्हतं बघितलं. पाऊस आला की स्टिअरिंगजवळची दांडी ओढायची, तो फिरतो, बस्स. आपण एफएम लावायला मोकळे!

मागच्या जुलैपर्यंत माझा हाच फंडा होता. मग एका रात्री मामांच्या पिकअपमधून मी ओतूरहून कल्याणला निघाले. मागे टोमॅटोचे क्रेट, पुढे मामा, मी आणि माझी लॅपटॉपची बॅग. (एका स्टोरीसाठी पहाटेचा लिलाव बघायचा होता. मामी म्हणाली होती, 'एसटीनं जा गं बाई.' ऐकते कोण?) माळशेज घाट म्हणजे पूर्वीचा २२२, आताचा ६१ नंबरचा नॅशनल हायवे. आपण तिथे जातो ते धबधब्याखाली भिजायला आणि भाजलेलं कणीस खायला. रात्री दीड वाजता, धुक्यात, तोच घाट अजिबात फोटोजेनिक वगैरे वाटत नाही.

ऐन वळणावर वायपर काचेच्या मधोमध थांबला. त्याच क्षणी ब्लोअरची घरघरही बंद! बाहेरून पाणी, आतून वाफ. अर्ध्या मिनिटात समोरचं सगळं दुधाळ झालं. मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि इंचाइंचानं गाडी कडेला घेतली. मग पुडीतली तंबाखू ओली करून काचेवर चोळली. हा ड्रायव्हर लोकांचा जुना तोडगा, काचेवर पाणी थेंबांऐवजी सपाट पसरतं आणि थोडं तरी दिसतं. थोडंच. आम्ही उजाडेपर्यंत तिथेच बसलो. कल्याणला पोचलो तेव्हा लिलाव आटोपला होता आणि टोमॅटो व्यापाऱ्यानं मागितला त्या भावात गेला. मामा परतताना एक शब्द बोलले नाहीत.

पहिल्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि निकाल दिला, 'दोन्ही मोटारी गेल्या.' मामा खिसा चाचपायला लागले.

मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही. पण दोन साक्षीदार एकाच मिनिटाला गप्प झाले, तर त्यांना गप्प करणारा एकच असणार, एवढं पत्रकारितेनं शिकवलंय. मी म्हटलं, 'मामा, दोन मोटारी एकाच सेकंदाला कशा मरतील?' मामांनी माझ्याकडे बघितलं. 'अगं, पंधरा दिवसांपासून ब्लोअर लावला की वायपर मंद व्हायचा,' ते म्हणाले. ही गोष्ट त्यांना कोणी विचारलीच नव्हती!

आम्ही जुन्नरला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. हा गडी आधी ऐकून घेणारा निघाला. 'मधोमध थांबला ना? मग स्विचचा दोष कमी,' म्हणाला. वायपरच्या मोटरमध्ये पार्किंगचा वेगळा कॉन्टॅक्ट असतो. आपण स्विच बंद केला तरी पाती खाली टेकेपर्यंत तो करंट चालू ठेवतो. पाती हवेतच अडकली म्हणजे मोटरचा करंटच तुटला, नाहीतर मोटर जाम झाली. आणि ब्लोअरही सोबत गेला म्हटल्यावर जाम हा मुद्दा जवळजवळ बाद.

मग त्यानं टेस्ट लॅम्प काढला. फ्यूज न उपसता त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही बारीक टोकांना लावला. दोन्हीकडे दिवा लागला, फ्यूज ओके. वायपरच्या प्लगपर्यंतही सप्लाय येत होता. मला वाटलं, झालं, गेली मोटर! पण त्यानं मल्टिमीटर घेतला, वायपर चालू ठेवला, एक टोक मोटरच्या अर्थच्या वायरला आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, फार तर एक-दोन दशांश व्होल्ट. दिसले ११ पॉइंट समथिंग! करंट मोटरपर्यंत आला होता, पण त्याच्याकडे परतीचं तिकीट नव्हतं.

त्यानं वायरचा एक तुकडा त्या अर्थवरून बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवला. वायपर फर्रकन फिरला, ब्लोअर घरघरला. मामा चक्क हसले.

गुन्हेगार डॅशबोर्डखाली सापडला. मामांच्या गाडीत दोन्ही मोटारींची अर्थ एकाच स्क्रूवर बॉडीला जोडलेली होती. काचेच्या रबरातून झिरपलेल्या पाण्यानं तो स्क्रू गंजून बिस्किटासारखा झाला होता. एकावर दोघांचा भार, म्हणून ब्लोअर लावला की वायपर सुस्तावायचा. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत केला, नवा स्क्रू, दातेरी वॉशर, वरून ग्रीस. पाऊण तास लागला. रबराला सीलंट लावला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हीच स्टोरी.

एक फ्यूज मात्र त्यानं मामांच्या हातावर ठेवला आणि झापलं. कधीतरी कुणीतरी १५ च्या निळ्या फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा ठोकून दिला होता. बॉस, फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो जळला नाही तर वायर जळते, आणि वायर डॅशबोर्डच्या आत असते. बाकी तुम्ही समजून घ्या.

एक भानगड उरलीच. ब्लोअर तीन नंबरवर चालतो, एक आणि दोनवर ढिम्म. ते म्हणे रेझिस्टरचं काम. कमी स्पीडला करंट त्याच्यातून जातो, फुल स्पीडला त्याला वळसा घालून. मामांनी तो अजून बदललेला नाही. मी फोनवर आठवण केली तर म्हणाले, 'घाटात एक नंबरवर लावतंय कोण?'