एका वर्षाची शिष्यवृत्ती : अमेरिकन कॉलेज फुटबॉल आणि फिरवलेला शब्द

१/ दर हिवाळ्यात अमेरिकेतून एक ठरावीक बातमी येते. सतरा वर्षांच्या एखाद्या मुलाला नामांकित विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाने शिष्यवृत्ती देऊ केलेली असते. मुलगा होकार देतो, इतर विद्यापीठांना नकार कळवतो. आणि सहीचा दिवस तोंडावर आला असताना फोन येतो की, जागा उरलेली नाही. लोक प्रशिक्षकाला दूषणे देतात. मला तो रोख चुकीचा वाटतो. शब्द फिरवण्याची ही मुभा नियमांनीच, टप्प्याटप्प्याने निर्माण केली आहे. (फुटबॉल म्हणजे इथे शिरस्त्राण घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल.)

२/ सुरुवात १९४८ पासून करू. महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए हिने त्या वर्षी ‘सॅनिटी कोड’ आणला. आर्थिक मदत गरजेनुसारच द्यावी, आणि विद्यार्थ्याने खेळ सोडला तरी ती काढून घेऊ नये, असे त्यात होते. हे दुसरे कलम लक्षात ठेवा. १९५० मध्ये संहिता मोडणाऱ्या सात संस्थांना काढून टाकण्याचा ठराव दोन तृतीयांश मतांअभावी पडला. १९५१ मध्ये संहिताच रद्द झाली.

३/ १९५६ मध्ये गरजेची अट गेली आणि निव्वळ क्रीडाकौशल्यावर पूर्ण शिष्यवृत्ती देण्यास मान्यता मिळाली. आता प्रश्न असा की, खेळासाठी मोबदला मिळत असेल तर खेळाडू कर्मचारी नव्हे काय?

४/ हा प्रश्न काल्पनिक नव्हता. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून दगावला. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. याच काळात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्द रुजवला. खेळाडूंना कर्मचारी ठरवले जाईल या भीतीतून तो घडवला, हे त्यांनीच पुढे १९९५ च्या आत्मकथनात मान्य केले. एका शब्दाने इतकी चोख कामगिरी बजावल्याची उदाहरणे इतिहासात थोडीच असतील.

५/ १९६४ मध्ये ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ आले. त्यावर सही केली की मुलगा विद्यापीठाशी बांधला जाई. ज्या प्रशिक्षकाच्या भरवशावर सही केली तो दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडून गेला, तरीही. सहीपूर्वीची तोंडी ऑफर मात्र कोणालाच बांधत नसे.

६/ खेळ स्वेच्छेने सोडणाऱ्याची मदत काढून घेण्याची वाट १९६७ मध्ये मोकळी झाली. त्यातून ‘टेलर विरुद्ध वेक फॉरेस्ट’ हा खटला उभा राहिला. टेलरचे पहिल्या सत्रातील गुण घसरले होते, म्हणून त्याने सराव सोडून अभ्यास केला. गुण १.९ वर नेले. विद्यापीठाची किमान अट १.३५ होती. तरी तो मैदानावर परतला नाही, म्हणून शिष्यवृत्ती गेली. १९७२ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाची बाजू उचलून धरली. अभ्यासासाठी खेळ सोडणाऱ्या विद्यार्थ्याने, न्यायालयाच्या लेखी, करार मोडला होता! मग तो विद्यार्थी होता की नोकर?

७/ १९७३ मध्ये चार वर्षांची शिष्यवृत्ती एका वर्षाची झाली. नूतनीकरण संस्थेच्या मर्जीवर. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा सांधा हाच. दरवर्षी यादी चाळता येऊ लागली की उपलब्ध जागांहून अधिक मुलांना शब्द देणे शहाणपणाचे ठरते. २००९ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाने एका हंगामात ३७ मुलांच्या सह्या घेतल्या. त्या काळी वर्षाला २५ नव्या शिष्यवृत्तींची मर्यादा होती.

८/ आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांत ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविका. वृत्तिच्छेद हा गंभीर अन्याय. ‘शिष्यवृत्ती’ लिहिताना ते सारखे आठवत राहिले.

९/ मुलेही ऐनवेळी मन बदलतातच की, असा प्रतिवाद होतो. बदलतात. पण प्रशिक्षकाच्या यादीत त्याच जागेसाठी आणखी पाच नावे असतात. मुलाने मात्र उरलेली दारे त्याच प्रशिक्षकाच्या शब्दावर बंद केलेली असतात.

१०/ २०१२ पासून बहुवार्षिक शिष्यवृत्ती पुन्हा देता येऊ लागली, पण ऐच्छिक. २०१५ मध्ये पाच बड्या परिषदांनी केवळ खेळातील कामगिरीवरून ती काढून घेण्यास मनाई केली. २०२४ मध्ये ते ‘लेटर’ही इतिहासजमा झाले. मग ‘हाऊस’ तडजोड आली: विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता यावेत, आणि फुटबॉल संघ जास्तीत जास्त १०५ जणांचा असावा. मंजुरीपूर्वीच अनेक मुलांना ‘जागा नाही’ असे कळवले गेले. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी या मुलांची सोय लावल्याखेरीज मंजुरी देण्यास नकार दिला. अखेर त्यांना १०५ च्या मोजणीतून वगळण्यात आले आणि जून २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. त्यांना परत घ्यायचे की नाही, हे मात्र विद्यापीठांवरच सोपवले गेले.