सलाईनची बाटली म्हणजे उपचार नव्हे

"डॉक्टर, अजून एक बाटली लावा ना!" गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या पट्ट्यात पेशंट गंभीर झाला की नातेवाईकांचा हाच आग्रह. पण फॅल्सिपेरम मलेरियात जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. भराभर सलाईन सोडून त्या मोकळ्या होत नाहीत. उलट पाणी फुप्फुसांत उतरतं, मोठ्या माणसाचा श्वास कोंडतो. म्हणून डब्ल्यूएचओही सांगते, पेशंट बघून, जपून द्या. जीव वाचवतं ते वेळेत दिलेलं आर्टेसुनेटचं इंजेक्शन.

माझी मागणी साधी आहे. ग्रामीण रुग्णालयात रात्री लघवी आणि श्वास मोजायला एक जादा नर्स द्या. आणि मंडळी, बाटल्या मोजू नका. विचारा, "लघवी किती झाली? धाप लागतेय का?"