टक्क्यांत न मावणारा दाह

श्रावणात ताम्हिणीच्या वाटेला लागले की मुळशीच्या जलाशयालगतच्या झुडपांवर चढलेली, तांबड्या-पिवळ्या ज्वाळा उलट वळाव्यात तशा पाकळ्यांची कळलावी दृष्टीस पडते. तिच्या कंदात व बीजात कोल्चिसिन नावाचे उग्र विष असते, आणि तेच विष अर्ध्या मिलिग्रॅमच्या मात्रेत हृदयरोग्यास द्यावे काय, याचा गेली काही वर्षे वैद्यकात गंभीरपणे विचार चालला आहे.

नळात गाळ साचून नळ तुंबावा तसा हृदयविकार होतो, ही आपली समजूत अपुरी आहे. रोहिणीच्या भिंतीत मेद साचला की त्याच्या बंदोबस्तासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी आत शिरतात, मेद गिळून फुगतात, कित्येक तेथेच मरतात, आणि त्यांनी सोडलेली विकरे मेदावरचे तंतुमय आवरण कुरतडीत जातात. ते फाटले की त्यावर रक्ताची गुठळी धरते. तटाच्या रखवालीस ठेवलेल्या शिबंदीनेच खिंडार पाडावे, असा हा प्रकार आहे; यालाच दाह म्हणतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह शमविणाऱ्या औषधाने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. परंतु प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले, कारण शत्रूला अडविणारी शिबंदीही तीच. असाच दाह शमविणाऱ्या कोल्चिसिनचा २०१९ च्या चाचणीत गुण दिसला, २०२४ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. म्हणून ते सरसकट द्यावे असे मी म्हणणार नाही, आणि कळलावीचा कंद तर कोणी उगाळूही नये.

माझी तक्रार आहे ती हा दाह विसरून रोहिणीतला अडथळा तेवढा मोजणाऱ्या आपल्या टक्केवारीच्या भाषेविषयी. ‘चाळीसच टक्के ब्लॉकेज आहे’ एवढ्या शब्दांवर निर्धास्त होऊन, अहवालाची पिशवी खुंटीला अडकवून, ओसरीवर मिश्री लावीत बसलेली माणसे आपल्या घरोघर आहेत. कित्येकदा झटका येतो तो अशाच मध्यम अरुंद जागी, आणि तंबाखू त्या धुमसत्या दाहाला रोज इंधन पुरविते. बसल्या जागी छाती दाटून आली, तर ‘गॅस झाला असेल, नाना, सोडा प्या’ असा सल्ला मिळतो. वस्तुतः विश्रांतीतही उठणारी व दिवसागणिक वाढणारी अशी कळ हा आवरण फाटल्याचा इशारा असू शकतो. म्हणून पहिला ईसीजी निर्दोष आला तरी रुग्णास घरी न धाडता तो पुन्हा काढण्याची, आणि १०८ ची रुग्णवाहिका तत्काळ बोलाविण्याची तजवीज पौडपासून ताम्हिणीपर्यंतच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात, भर पावसाच्या रात्रीसुद्धा, असलीच पाहिजे.