आक्काचा बोर्ड

दिवाळी अंकात फराळावर काहीतरी खुसखुशीत लिहा, अशी संपादकांची दरवर्षीची सूचना असते. यंदा मात्र आम्ही साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन सांगलीच्या आक्काकडे जाऊन आलो आणि डोक्यात चकलीऐवजी टेलिफोन शिरला. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमची आक्का सांगलीतल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेत एकोणतीस वर्षे टेलिफोन ऑपरेटर होती. संस्थेचे नाव सांगत नाही. आक्काचे पेन्शन तिथूनच सुटते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिचा बोर्ड काढला, प्रत्येक टेबलावरचा फोन उचलून नेला आणि सगळा कारभार संगणकावर आणि मोबाइलवर नेला. यंदाच्या मे महिन्यात आक्काही निवृत्त झाली. मधले सहा महिने तिला चौकशीच्या खिडकीत बसवले होते. त्या दिवसांबद्दल ती बोलत नाही.

आमच्या लहानपणी साताऱ्याहून सांगलीला बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून वडील कोट घालून बसत. फोनवर बोलायला कोट कशाला, हे आम्हाला आजतागायत उमगलेले नाही. कानपूर-लखनौमध्ये १९६० सालीच ऑपरेटरवाचून थेट फोन लागू लागला होता. आमच्या दाराशी ती सोय यायला मात्र पुष्कळ वर्षे लागली.

ऑपरेटरला काढून टाकण्याची कल्पना तशी जुनीच. अमेरिकेतल्या स्ट्रोजर नावाच्या गृहस्थांनी १८९१ साली आपोआप चालणाऱ्या एक्स्चेंजचे पेटंट घेतले. धंदा अंत्यविधीचे सामान पुरवण्याचा. गावातली ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्यांना संशय होता, अशी आख्यायिका आहे. आता आक्काचे पाहा. जतहून एखादी बाई फोन करी. तिला 'शिष्यवृत्ती विभाग' हे शब्दही ठाऊक नसत. "पोराचा कागद अडलाय" एवढेच ती सांगे. कुठला कागद, तो कोणाच्या टेबलावर असेल, तो माणूस जेवायला गेला आहे की चहाला, हे आक्काला माहीत. "मावशी, अडीचला करा, मी जोडून देते." अडीचला ती खरोखर जोडून देई. स्ट्रोजरसाहेबांना आक्का भेटायला हवी होती.

नवी पद्धत वाईट आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. संगणक विभागातल्या एका हुशार मुलाने आम्हाला ती समजावून दिली. तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा, त्या मापांच्या सेकंदाला पन्नास पुड्या बांधायच्या आणि पत्ता घालून त्या इंटरनेटवर सोडायच्या. पलीकडे पुड्या सोडून पुन्हा आवाज. सांगलीच्या माणसाला पुड्यांचे काय, भडंगाच्या रोजच बांधतो! आपल्याकडे इंटरनेटवरून बोलायला १ एप्रिल २००२ पासून परवानगी आहे. पण संगणकावरून देशातल्या साध्या फोनला लावण्याची मुभा तेव्हा नव्हती. २०१८ साली परवान्याच्या अटी बदलल्या तेव्हा ती वाट मोकळी झाली.

आणि २०२० ची टाळेबंदी आठवा. कचेऱ्यांना कुलुपे आणि आत रिकाम्या टेबलांवर फोन वाजताहेत. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाल्यापासून या भागातल्या कॉलेजांचा परीक्षांचा जीव कोल्हापुरात. साताऱ्याच्या तीन कॉलेजांचे मिळून स्वतंत्र विद्यापीठ झाले ते पुढे २०२१ साली. परीक्षा होणार की नाही हे विचारायला त्या वर्षी हजारो पोरे घराघरांतून नंबर फिरवत होती आणि उचलायला कोणी नव्हते. "तेव्हा हे यंत्र असते तर मी घरून उत्तरे दिली असती," असे आक्का स्वतःच म्हणाली. आक्का न्यायी आहे.

मग तिचा राग कशावर? एक म्हणजे, पूर्वी फोन टेबलाचा असे, आता तो माणसाचा झाला. टेबलावरचा फोन वाजला की शेजारचा कारकून कुरकुरत का होईना, उचलायचा. आता प्रवेशाचा फोन एका कारकुनाच्या मोबाइलवर वाजतो. गेल्या जूनमध्ये तो तासगावला मेहुणीच्या लग्नात वाजला. मागे सनई, पुढे प्रवेशार्थी. त्या पोराने अभिनंदन केले म्हणतात.

दुसरी गोष्ट थट्टेची नाही. जुन्या तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येते, एक्स्चेंजच्या बॅटरीची ४८ व्होल्टची. म्हणून घरातले दिवे गेले तरी तो काळा फोन चालू राही. नव्या फोनचे तसे नाही. वीज गेली की राउटर गेला, राउटर गेला की दोनशे फोन एकदम मुके. मोबाइलची बॅटरी काही तास टिकते, पण टॉवरलाही वीज लागतेच.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट. वीज तोडलेली. संस्थेच्या वसतिगृहात शंभरावर मुली. आक्काचा बोर्डही विजेवरचाच, तो पडला बंद. पण बाहेरून येणाऱ्या लाइनींपैकी एक तिने बोर्डातून काढली आणि कपाटातले जुने यंत्र तिला जोडले. ते बोलू लागले. दोन रात्री ती मेणबत्तीशी बसून होती. माण-खटावहून, आटपाडीहून आईबापांचे फोन. समोर वहीत मुलींची नावे. "आहे, वरच्या मजल्यावर आहे, जेवली आहे." एवढेच वाक्य तिने किती वेळा म्हटले याचा हिशेब नाही.

बोर्ड काढायचा ठरला तेव्हा आक्काने अर्ज केला: ती एक तार ठेवा. खर्चाच्या कागदावर ती तार 'अनावश्यक' म्हणून लाल शाईने खोडलेली होती. तीन वेळा अर्ज, तीन वेळा "पाहू". चौथ्या वेळी ती वहीच घेऊन गेली आणि साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली. काही बोलली नाही म्हणे. आमचा यावर विश्वास नाही. पण तार राहिली. आता ती वसतिगृहाच्या पहारेकऱ्याच्या खोलीत आहे.

न वापरलेली तार कधी मरते ते कळत नाही, म्हणून आक्काने एक नेम घालून दिला आहे. परवा सोमवारी आम्ही तिच्याकडे चहा घेत होतो. बरोबर दहाला फोन वाजला. तिने उचलला, ऐकले, "खरखर वाढलीय, पावसाचं पाणी गेलं असेल, तक्रार नोंदवा," म्हणाली आणि ठेवून दिला.

"कोण गं?" आम्ही विचारले.

"पहारेकरी. दर सोमवारी त्या तारेवरून करतो." आणि मग जरा थांबून, "चहा गार झाला तुझा. दे, गरम करते."