सातव्या दिवसाचे पाहुणे

गोंदियाजवळच्या एका गावात अकीक्याच्या दावतीला गेले होते. अंगणात देग चढलेली, आत बाळंतिणीच्या खोलीत बायकांची गर्दी आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. तेवढ्यात आशाताई पिशवी घेऊन दारात आल्या. कोणीतरी म्हणालं, “ताई, आज नको, घरात पाहुणे आहेत.” आतून दादी म्हणाली, “येऊ द्या त्यांना. आज त्यांचा दिवस आहे.”

दादीचं बरोबर होतं. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. अकीकाही बहुतेक घरांत सातव्याच दिवशी होतो. म्हणजे बाळाला सगळ्यात जास्त हात लागतात, नेमक्या त्याच दिवशी त्या येतात.

या भेटींचं मूळ शेजारच्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. हात कसे धुवायचे, बाळाचं वजन कसं करायचं, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इतकंच काय, इंजेक्शनही कसं द्यायचं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताईंकडे घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचं काम आलं.

शिक्षण त्यांना मिळालं, पण आपल्या घरात हुकूम चालतो तो दादी-नानीचा. चाळीस पाहुण्यांसमोर आशाताई एकट्या काय बोलणार? त्या दिवशी त्यांनी आधी स्वतःचे हात साबणाने धुतले, मग बाळ मागितलं. ज्यांच्या मांडीवर बाळ होतं त्या खाला म्हणाल्या, “मी तर आत्ताच वुजू केलाय.” आशाताई गप्प. मग दादीच बोलली, “वुजूला साबण लागत नाही, बाळाला लागतो.” खालांनी तोंड वाकडं केलं, पण उठल्या. दादीने लोटा आणि साबण दारातच ठेवायला लावला.

आशाताईंनी वजन घेतलं, ताप पाहिला, नाळ पाहिली. नाळेला कोणी हळद-तेल लावलं होतं. त्यांनी सांगितलं की तिला काहीही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. शहद चाटवण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. आणि शहद तर वर्षाच्या आत नकोच. तहनीक करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाळ दूध ओढेनासं झालं, रडणं मंदावलं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, बेंबीतून पू आला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा मिनिटाला ६० हून जास्त श्वास पडू लागले, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. लगेच आशाताईंना बोलवा आणि दवाखाना गाठा. गाडीसाठी १०८.